अण्णा आणि दादाचा वाद

३ मार्च
जेवताना अण्णांनी पुन्हा विचारलं, "दादा कुठं आहे? त्याला उत्तर द्यायचं राहिलंय." काय सांगू? किती वर्षं झाली त्याला घर सोडून. "येईल," म्हटलं. ताट तसंच सारलं त्यांनी. वाद घालायला कुणी नसलं की माझ्या वडिलांना घास उतरत नाही.

४ मार्च
काचेच्या कारखान्यात भट्टी बंद. बाटल्याच नाहीत तर तपासायचं काय — गप्पा. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी विचारलं, "बाप-लेकाचं फाटलं कशावरून? घरावरून?"

"नाही हो. समाजवाद आणि साम्यवादावरून."

"दोन्ही एकच ना?"

अण्णांनी ऐकलं असतं तर मावशींची सुटका नव्हती. कारखान्यातून मालक जावा, हे दोघांनाही हवं होतं. भांडण पुढचं. अण्णा म्हणायचे, मोठे कारखाने, रेल्वे, दवाखाने सगळ्यांचे करा, पण मतं मागून, कायद्यानं. ज्याचं जसं काम तसा त्याचा वाटा. न्हाव्याचं दुकान राहू दे न्हाव्याकडे.

दादा म्हणायचा, "मतं मागून मालक जात नसतो अण्णा, उलथावा लागतो. मग हळूहळू वर्ग उरणार नाहीत, सरकारही नाही. झेपेल तेवढं करायचं, लागेल तेवढं घ्यायचं."

"आणि कुणाला किती लागतं हे कोण ठरवणार? तुझा पक्ष?"

"तुमचा कायदा कोण लिहितं? मालकाचा वकील."

आई होती तेव्हा दोघांच्या मधोमध पातेलं आणून आदळायची. "आधी हे वाटून घ्या." मग दोघंही हसत सुटायचे. तो आवाज हवा आहे मला घरात. बाकी काही नको.

७ मार्च
दादा घर सोडून गेला, त्या वर्षीच्या संपात सगळं तुटलं. अण्णा युनियनचे पुढारी; लोक उपाशी राहतायत म्हणून त्यांनी तडजोड केली. दादानं फाटकापाशी, सगळ्यांसमोर त्यांना मालकाचा माणूस म्हटलं. अण्णा एवढंच म्हणाले, "माझा उंबरा चढू नकोस."

नाही चढला तो.

९ मार्च
दादाला फोन केला. "अण्णा माणसं विसरायला लागलेत."

तो म्हणाला, "वाद घालतात अजून?"

"कुणाशी घालतील?"

फोन ठेवला त्यानं.

१० मार्च
वाट पाहिली.

१३ मार्च
दादा आला. केस पिकलेत. अण्णांनी ओळखलं नाही — पाहुणा समजून खुर्ची पुढे केली. दोघांची अशी जुंपली की दिवे लावायचं भान राहिलं नाही. अण्णा पोटभर जेवले. तो निघाला तेव्हा त्याचा हात धरून म्हणाले, "उद्या याल का तुम्ही? आमचा मुलगाही असंच बोलतो. रागावून गेलाय. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

"सांगतो त्याला," दादा म्हणाला.