शेवटच्या पानामागचं पाकीट

ऑर्लिन, ९ जानेवारी २००६

ती. विनी हीस,
सा. न. वि. वि.

नाताळचा केक पोचला. तुझा मेहुणा अर्ल म्हणतो, विनीचा केक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायला उत्तम आहे. अर्धा त्यानेच संपवला, हे तो तुला सांगणार नाही.

आता खरी बातमी. शनिवारी सकाळी समोरच्या ट्रॅस्कबाईंचं गॅरेज गाडीसकट जमिनीत गेलं. बाई खिडकीशी बसून अंडी खात होत्या. त्या सांगतात की आवाज फारसा झालाच नाही, अचानक आकाश जास्त दिसायला लागलं, एवढंच. जुन्या शिशाच्या खाणी खालून पोकळ आहेत हे आपण लहानपणापासून ऐकतोय, पण ऐकणं वेगळं.

सरकारने पुनर्वसन मंडळ नेमलंय. खाणीवरची घरं विकत घेऊन लोकांना दुसरीकडे हलवणार. त्यांच्या हद्दीची रेघ पॉप्लर रस्त्यावरून जाते. ट्रॅस्कबाई आत, आम्ही बाहेर. मधे फक्त रस्ता आहे. अर्लने अधिकाऱ्याला सांगितलं की माझ्या बापाने याच बाजूला, आमच्या अंगणाखाली, अकरा वर्षं खणलंय. त्यावर तो सभ्यपणे म्हणाला की कंपनीच्या कागदांत तसं काही नाही, तुमच्याकडे लेखी असेल तर आणा. नंतर कुणीतरी म्हणालं की १९५८ साली सरकारने खाणींची पाहणी करून नकाशा छापला होता. मी म्हटलं, माझी बहीण विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी कागदांवर नागिणीसारखी बसलेली आहे, चिंता नको.

सुनावणी १५ मार्चला आहे. अर्ल हल्ली बूट घालूनच झोपतो. हसू नकोस.

तुझी माया आहेच, तिला या वेळी जरा कामाला लाव.

तुझी,
कोरा

वेस्टन फॉल्स, १३ जानेवारी २००६

प्रिय कोरा हीस,
अ. आ. वि. वि.

अर्लला सांग, केकला नावं ठेवणाऱ्याने ताटली तरी परत पाठवावी.

त्या पाहणीचा अहवाल माझ्याकडे चौथ्या मजल्यावर आहे. एकशे बारा पानं, आणि नकाशा शेवटच्या पानामागे चिकटवलेल्या पाकिटात. सरकार जे जे छापतं त्याची एक प्रत आमच्याकडे येते आणि मागेल त्याला ती दाखवायची, हा करारच आहे. एकतीस वर्षं मी तो पाळते आहे. मंगळवारी नक्कल काढून टपालात टाकते.

चौथा मजला मात्र तुला ओळखू येणार नाही. दोन वर्षांपासून आम्ही तो रिकामा करतो आहोत. नवे संचालक एकेचाळीस वर्षांचे आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की जे संगणकावर दिसतं ते फळीवर ठेवणं म्हणजे एकाच माणसाला दोन खुर्च्या देणं. मी सुरुवातीला भांडले. मग ठरवलं की व्हायचंच असेल तर निदान नीट व्हावं, आणि तपासणीचे नियम मीच लिहून दिले. राज्यातली इतर ग्रंथालयंही तेच वापरतात. वाईट काम चांगल्या पद्धतीने केलं, एवढं समाधान.

अर्लला बूट काढून झोपायला सांग. पाय सुजतील.

आशीर्वाद आहेतच, पत्राला उत्तर देण्याइतका लोभ तूही ठेव.

विनी

वेस्टन फॉल्स, १८ जानेवारी २००६

प्रिय कोरा हीस,
अ. आ. वि. वि.

वळसे न घेता लिहिते. अहवाल नाही. ऑक्टोबर २००४ च्या बाद यादीत तो आहे आणि यादीखाली माझी सही आहे. यादी नियमाप्रमाणे पंचेचाळीस दिवस सगळ्या ग्रंथालयांकडे फिरली. कुणीही मागितला नाही. मग तो रद्दीचा लगदा करणाऱ्यांच्या गाडीत गेला.

बाद करण्याआधी संगणकावरची प्रत मी स्वतः तपासली होती. नियम असा की छापील पानं मोजायची, पडद्यावरची मोजायची, जुळली की खूण करायची. एकशे बारा आणि एकशे बारा. काल पुन्हा उघडून पाहिली. शेवटच्या पानानंतर पाकिटाचं चित्र आहे. पाकिटावर लिहिलंय, नकाशा आत आहे. संगणकासाठी ज्याने पानांची चित्रं घेतली त्याने पाकीट उघडलं नाही. आणि पाकिटातला नकाशा हे पान नव्हे, म्हणून माझ्या मोजणीत तो कधी आलाच नाही. नियम माझा आहे. त्यात पाकिटाचा शब्द नाही.

इतर ग्रंथालयांना आजच लिहिते आहे. अर्लला अजून सांगू नकोस.

आशीर्वाद.

विनी

ऑर्लिन, २४ जानेवारी २००६

ती. विनी हीस,
सा. न. वि. वि.

तू पत्रात एकदाही रागावली नाहीस, तेव्हाच मी घाबरले. अगं, चूक झाली तर झाली. लहानपणी माझी बाहुली तू नियमाप्रमाणे वाफेवर धुतलीस आणि तिचा चेहरा गेला, तेव्हा तर तू मलाच दटावलं होतंस की चेहरा पक्का का नव्हता. ती विनी मला परवडते.

अर्लला सांगावंच लागलं. तो रोज टपालपेटीशी उभा राहतो. तो एवढंच म्हणाला की एवढ्या मोठ्या देशात एक तरी आळशी ग्रंथपाल असेल, ज्याने काही फेकलं नसेल. मला ते पटलं. तू आळशी माणसं शोध.

स्वयंपाकघराच्या भिंतीला ओट्याच्या बाजूने चीर पडली आहे. मी तिच्यात पोस्टकार्ड घालून पाहिलं. गेलं.

रागावण्याइतकी बरी हो आणि लिही.

कोरा

वेस्टन फॉल्स, २७ फेब्रुवारी २००६

प्रिय कोरा हीस,
अ. आ. वि. वि.

उशीर झाला, कारण उत्तरं येईपर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

राज्यातल्या अकरा ग्रंथालयांकडे तो अहवाल होता. अकराही जणांनी माझ्या नियमाने पानं मोजली, जुळली, आणि बाद केला. त्यातल्या सहा जणींना तर मीच शिकवलं होतं. एकीने लिहिलंय की तुमची खूण पाहिली, म्हणून आम्ही पुन्हा मोजलंसुद्धा नाही. तिला ते कौतुक वाटलं.

ज्या खात्याने छापला त्यांनी कळवलं की संगणकावरची प्रत पाहावी. मी लिहिलं की त्यात नकाशा नाही. त्यांनी पुन्हा तेच पत्र पाठवलं. मूळ रेखाटन सरकारी दफ्तरखान्यात आढळत नाही, असं तिथल्या बाईंनी निदान स्वतःच्या हाताने लिहिलं.

अर्लची आळशी माणसं मला शेजारच्या राज्यात सापडली. एका लहान कॉलेजाने काहीच फेकलं नव्हतं. अहवाल बुधवारी आला. मी पाकीट उघडलं. आत एक चिठ्ठी होती, १९७४ ची, सुंदर अक्षरात: नकाशा फाटू नये म्हणून नकाशांच्या कपाटात हलवला आहे. फोन केला. कपाट होतं तिथे आता संगणकांची खोली आहे. नकाशे कुठे गेले हे सांगणारं तिथे कुणी उरलेलं नाही.

सुनावणीला मी येते. तो नकाशा होता एवढं शपथेवर सांगेन.

विनी

ऑर्लिन, १९ मार्च २००६

ती. विनी हीस,
सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी न जेवता निघालीस ते बरं केलं नाहीस. पाव आणि सुरणासारखं शिजलेलं गोमांस होतं म्हणा, पण तुझ्यासाठी केलं होतं.

निकाल काल आला. रेघ पॉप्लर रस्त्यावरच राहिली. पत्रात लिहिलंय की साक्षीदार बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मंडळाला शंका नाही, मात्र नकाशा अस्तित्वात होता यावरून तो काय दाखवत होता हे सिद्ध होत नाही. पुन्हा अर्ज करता येईल का, असं अर्लने विचारलं. ते म्हणाले, नवा कागद आणला तर.

ट्रॅस्कबाई गुरुवारी जातायत. त्यांना नव्या घरात झाडं लावायला मिळणार म्हणून आनंद आहे, आणि तो आमच्यासमोर लपवताना त्या बिचाऱ्या दमतात.

तू म्हणतेस तुझ्याकडे या. अर्ल येणार नाही. वर्कशॉप इथे, बापाची कबर इथे. आणि तो नाही तर मी कशी? हे घर आता कुणी घेणारही नाही.

म्हणून एकच विचारते. मंडळाला तुझी आठवण चालत नाही, मला चालते. तो नकाशा तू पाहिला आहेस. आमच्या घराखालून बोगदा कुठल्या अंगाने जातो? स्वयंपाकघराच्या की मागच्या खोलीच्या? अर्लने पलंग सुटा करून ठेवलाय. तू सांगशील त्या खोलीत लावू.

माया असू दे.

कोरा

वेस्टन फॉल्स, २७ मार्च २००६

प्रिय कोरा हीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कागद घेतला आणि नकाशा आठवून काढायला बसले. चार दिवस बसते आहे.

तो आठ घड्यांचा होता. कागद फिकट हिरवा, मधल्या घडीवर विरलेला. उजव्या कोपऱ्यात आमचा शिक्का, थोडा तिरपा, कारण तो नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच मारला होता. त्याला जागच्या जागी घडी घालायला दोन हात लागत आणि वरची डावी घडी आधी घातली नाही तर तो पाकिटात जात नसे. एकतीस वर्षांत मी तो वीस वेळा तरी लोकांसमोर उलगडला असेल. लोक पाहायचे. मी कोपरे धरून उभी असायची आणि तो फाटत तर नाही ना, एवढंच पाहायची.

त्याच्यावर रेघा होत्या. काळ्या, जाड, पुष्कळ. पॉप्लर रस्ता होता. त्याच्या पलीकडे त्या जात होत्या, हे मी शपथेवर सांगितलं आणि ते खरं आहे. तुमच्या घरापाशी त्या कुठे वळतात ते मला माहीत नाही, कोरा. अंदाजाने एक खोली सांगावी असं काल मनात आलं. पत्र लिहूनही झालं होतं, मागची खोली असं. ते फाडलं. चुकीच्या कागदाखाली मी एकदा सही केली आहे.

पलंग कुठे लावायचा ते मला सांगता येत नाही.

विनी