शेळीचा डोस आणि माझं त्रैराशिक

१ फेब्रुवारी १९३४, गुरुवार
काल वाचनालयात डॉ. यज्ञेश्वरचं व्याख्यान. जनावरावरच्या प्रयोगावरून माणसाला किती औषध लागेल हे सांगणं अवघड असतं, म्हणाला. टाळ्या! अवघड म्हटल्याबद्दल टाळ्या, वर हार. मी वर्षानुवर्षं पोरांना गणित सोपं करून शिकवतो, मला कुणी फूलसुद्धा दिलं नाही. घरी येताना वाटेत बायको, रुक्मिणी, म्हणाली, किती साधं बोलतात हो डॉक्टर.
मला हेवा वाटत नाही. माणूस आवडत नाही, इतकंच.

३ फेब्रुवारी
वाचनालयाच्या चिटणिसांकडून माझ्या व्याख्यानासाठी १८ तारीख मिळवली. विषय: 'शेळीवरून माणूस, केवळ त्रैराशिकाने'. अध्यक्ष यज्ञेश्वर. बसू दे समोर, ऐकू दे.

९ फेब्रुवारी
सांगोल्याच्या बिरप्पाकडून शेळी आणली. वखारीत तोलली. बरोबर माझ्या निम्मी. शुभशकुन. लई गुणाची हाय की, हिला जुलाब कशापायी, असं बिरप्पा विचारत होता. शास्त्रासाठी, म्हटलं.

१० फेब्रुवारी
जुलाबाचं मीठ, दोन चमचे. शेळी ढिम्म. आणखी दोन. ढिम्म. माझा पंचा खाल्ला.

११ फेब्रुवारी
सहा चमचे एकदम. संध्याकाळी परिणाम. एकदाच, सौम्य. शेळीला सहा, तर दुप्पट वजनाच्या माणसाला बारा. संपलं गणित! डॉक्टर लोक उगीच पाच वर्षं शिकतात.

१४ फेब्रुवारी
रुक्मिणीला मंडईत यज्ञेश्वर भेटला. शेळीची चौकशी केली म्हणे. माझ्या घरची शेळी, ह्याला कशाला पंचाईत? निरोपही दिलाय: रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट वेगळं असतं, मास्तरांना म्हणावं दोन चमच्यांच्या वर जाऊ नका.
घाबरला.

१८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
रविवारी जुलाब घ्यायची आमच्या घरची रीतच आहे, त्यामुळे प्रयोग स्वतःवर. बारा चमचे. भाकीत वाचनालयाच्या फळ्यावर कालच लिहून आलोय: 'दुपारी एकदा, सौम्य.' सहाला व्याख्यान.

दुपारी
एकदा झालं. भाकीत तंतोतंत खरं!

थोड्या वेळाने
पुन्हा. हे धरायचं नाही.

नंतर
धरायचं नाही. धरा

१९ फेब्रुवारी
अंथरुणात. काल रुक्मिणीने डॉक्टरला बोलावलं. मी नको म्हणत होतो, पण परसातून माझा आवाज पोचला नाही. तो उशाशी बसून मला मिठाची पेज पाजत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.
मग सभागृह भरलंय म्हणून माझ्याऐवजी तोच बोलला. शेळी दुप्पट केली की माणूस होत नाही, असं म्हणाला. पण स्वतःवर प्रयोग करायला छाती लागते, ती मास्तरांकडे आहे, असंही म्हणाला. टाळ्या. मिळालेला हार त्याने माझ्यासाठी घरी पाठवला.
चांगला माणूस आहे. तेच तर सहन होत नाही. वाटतो मला हेवा. फार वाटतो.

२० फेब्रुवारी
हार सकाळी परत पाठवणार होतो. रात्रीतून शेळीने खाल्ला, दोऱ्यासकट. तिला काही होईल का, डॉक्टरांना विचारून येऊ का, असं रुक्मिणी म्हणाली.
ये विचारून, म्हटलं.