डिस्क माझं ऐकत नाही

४ जुलै
ती. ताईस, शि. सा. न.

तुझी डिस्क पोचली. आईला ऐकवायला माझा आवाज भरून पाठव म्हणालीस. पण ती लावली की बाबांचं सगळं बोलणं ऐकू येतं, माझा मात्र एक शब्द आत घेत नाही. कुलूप लावलंस ना माझ्यावर? दोन दिवस फुगून बसलो होतो. जन्मभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवल्या, आणि एवढीशी डबी मला दाद देत नाही! शेजारी म्हणतो, पुसून टाक, मग घेईल. पुढच्या रविवारी पुसतोच.

लोभ असावा, नसला तर निदान भांड.
धाकटा

७ जुलै
चि. धाकट्यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे तातडीचं पत्र. काही पुसू नकोस! जुनी कॅसेट कधीच झिजली, बाबांचा आवाज आता त्या डिस्कवरच आहे. कुलूप कसलं लावतेय मी! ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, तुझी न् माझी सिस्टीम वेगळी. डिस्क माझ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, तुझा कॉम्प्युटर ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आधी सगळं तुझ्याकडे उतरवून घे, वाजवून बघ, मग दोन्हीकडे चालेल अशी फॉरमॅट कर, त्यात ती कोरी होते. मला यातलं कळलंय असं समजू नकोस, तो बोलला तसं लिहिलं.

फोन कानाला लावला की आई घाबरते, म्हणून तर हा खटाटोप. माणसं विसरत चाललीय रे. तुझा आवाज तरी राहू दे तिच्यापाशी.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१२ जुलै
ती. ताईस, शि. सा. न.

जमलं! बटण दाबताना दरदरून घाम फुटला, पण बाबा शाबूत आहेत. मग स्वतः बोलायला बसलो, तर दातखीळच बसली. शेवटी 'आई, मी बोलतोय, जेवलीस का?' एवढंच निघालं. डिस्क सोबत पाठवतोय.

खरं सांगू? कवळ्यांचं दुकान सोडून येता येत नाही असं दरवेळी सांगतो, ती शुद्ध थाप आहे. तिने मला ओळखलंच नाही तर, याची भीती वाटते. एवढा मोठा घोडा झालो, पण भित्रा तो भित्राच.

सांभाळून घे.
धाकटा

१९ जुलै
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

डिस्क झटक्यात चालली. तुझा प्रश्न ऐकून आई हो म्हणाली, आणि तू जेवलास का रे, असं तिने उलट विचारलं. मग उत्तराची वाट बघत बसली. मी समजवायला गेले, तर मलाच गप्प केलं, त्याला बोलू दे म्हणाली. परत लावलं, परत तेच.

कोण बोलतंय, हे तिला सांगता आलं नाही. पण तो जेवला की नाही, याचा घोर लागलाय तिला. माझ्याच्याने बघवत नाही रे. असशील तसा ये, आणि जेवलो म्हणून सांग तिला.

तुझी,
ताई