पडद्यामागचा डावरा साहेब

१९ जानेवारी १९९७

अय्युबने आज चहा घेतला नाही. मी कप त्याच्या डाव्या हातात दिला म्हणून. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. दोन महिने झाले. अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो दुकानात कापड बेतत होता. जीभ सावरली, पाय सावरला, हात राहिला. आणि शिंप्याचा हात राहिला म्हणजे काय राहिलं?

करिमाभाभी घास भरवतात. तो मान फिरवतो. "डाव्या हातानं जेवू? अम्मी असती तर हात फोडला असता."

त्याचा मुलगा नईम दारात उभा होता. वाईट नाही पोरगा, घाईचा आहे. म्हणतो, "चाचा, दुकान बंदच हाय. तितं एसटीडी बूथ टाकतो. अब्बांचं काय आता." अय्युबसमोर म्हणाला. अय्युब भिंतीकडे बघत होता.

निघताना मी सहज बोलून गेलो — "आपला डावरा साहेब आठव की."

"कोन?"

"पडद्यावरचा. पिस्तूलवाला."

तो हसला. हल्ली तोंड एकाच बाजूनं हसतं. पण हसला.

२० जानेवारी

डाक वाटताना दिवसभर तेच डोक्यात. पासष्ट-सहासष्टचा उन्हाळा असेल. वालचंदनगरच्या मैदानावर पांढरा पडदा लावून पिक्चर दाखवायचे. आम्ही दोघं गावाहून चालत जायचो. मराठी पिक्चरला पुढं जागा मिळे. इंग्रजी पिक्चरला कारखान्याच्या क्वार्टरमधली मंडळी सतरंज्या घेऊन आधीच बसलेली असत. मग आम्ही पडद्याच्या मागच्या अंगाला, हरळीवर.

तिथं तो पहिल्यांदा पाहिला. इंग्रजांचा हेर. नाव आम्हाला उच्चारता येईना. सुरुवातीला अक्षरं आली, तीही वाचता आली नाहीत. पण तो चालत आला, वळला, आणि डाव्या हातानं पिस्तूल काढलं!

माझ्या अंगावर काटा आला. मी जन्माचा डावरा. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारून मारून मला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. अक्षर असं यायचं की माझं मलाच कळत नसे. आणि हा भला माणूस सगळं डाव्या हातानं करत होता. पेला उचलायचा, मोटार चालवायची, दार उघडायचं. कोणी त्याला काही म्हणत नव्हतं. तिथली सगळीच माणसं डाव्या हातानं हात मिळवत होती. इंग्रज सारे डावरेच असतात, असं आमचं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी मी पेन डाव्या हातात घेतलं. मास्तरांनी छडी उगारली. मी हात मागं घेतला नाही. त्यांनी का कोण जाणे, छडी खाली ठेवली. आजवर याच हातानं लिहितो आहे.

त्याचे आणखी दोन पिक्चर आले. दोन्ही आम्ही तिथंच बसून पाहिले. मारामारी मला तेव्हाही फार आवडली नाही. आवडायचं ते दुसरंच. चहूकडे आग लागलेली, आणि हा बाही नीट करतो आहे. सगळं हलत असताना ज्याचं मन हलत नाही, असा माणूस. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मला कधीकधी तो आठवतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२६ जानेवारी

अय्युब डाव्या हातानं जेवला. भाभी म्हणाल्या, "ज्ञानदेवभाऊ, काय मंतर टाकला?" अय्युब म्हणाला, "साहेब जेवत हुता तर मी कोन मोठा लागून गेलो."

९ फेब्रुवारी

साधी कात्री डाव्या हातात धरली तर कापड कापत नाही, चावते. मेघनाला कळवलं होतं. लेक माझी बारामतीला नर्स आहे. तिनं पुण्याहून डावखुऱ्यांची कात्री मागवून दिली. अशी कात्री असते हे पन्नाशीला आलो तरी मला ठाऊक नव्हतं.

२३ फेब्रुवारी

दुकान उघडलं. उशीचा अभ्रा कापला, वाकडा. "ज्ञान्या, ह्यावर डोकं ठेवलं तर मान बी वाकडी हुईल." पण संध्याकाळपर्यंत आणखी तीन कापले. नईमने बूथचं पुढं ढकललं — बकरीदपर्यंत बघू म्हणाला.

१६ मार्च

बारामतीला मेघनाकडे. जावई धम्मदीप मोठ्या हौसेनं कॅसेट घेऊन आले. "मामा, तुमचा हेर. नवाकोरा पिक्चर."

एवढ्या वर्षांनी पाहिला. काय रुबाब! नट नवा आहे. इतक्या वर्षांत बरेच बदलले म्हणे, हेर तोच. नातवंडांपेक्षा मीच पुढं सरकून बसलो होतो.

पण पिस्तूल उजव्या हातात. मी म्हटलं, हा नट उजवा दिसतो. धम्मदीप हसले, "मामा, सगळेच उजवे की." मी वाद घातला नाही. त्यांनी जुने कुठं पाहिलेत.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना झाली. व्यासपीठामागं कापडी फलक बांधला होता. मी पाणी आणायला मागं गेलो. ऊन समोरून येत होतं. कापडातून अक्षरं दिसत होती. उलटी.

तिथंच उभा राहिलो. हातात कळशी.

मागून सगळं उलटं दिसतं. उजवा डावा दिसतो. आम्ही मागं बसलो होतो.

१५ एप्रिल

तो डावरा नव्हताच.

माझं काय, माझा हात आता वळणाचा झाला. पण अय्युब? कालच त्यानं पहिला सदरा बेतला. मला दाखवताना म्हणाला, "साहेबापेक्षा बरा जमतो का न्हाय?" मी म्हणालो, "व्हय."

मुसावादा वेरमणी. रोज म्हणतो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. गप्प राहणं खोट्यात धरायचं की नाही?

२४ एप्रिल

नईमने दुकानात टीव्ही बसवला, केबल घेतली. म्हणे गिऱ्हाइकं रेंगाळतात. आज मला रस्त्यातच गाठलं. "चाचा, आईतवारी दुपारी तुमच्या हेराचा जुना पिक्चर हाय. अब्बांनी तुमाला बोलावलंय. दुसरं कुणी नको म्हनले."

जुना म्हणजे आमचाच. पाहिला की अय्युबला कळेल. हात पुन्हा मांडीवर पडेल. आधी जाऊन सांगावं म्हणून दुकानापर्यंत गेलो. तो मान खाली घालून खडूनं रेघ मारत होता. रेघ सरळ होती. तसाच परत आलो.

२७ एप्रिल

बुद्धं सरणं म्हणतच दुकानात शिरलो. टीव्ही चालू होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. भिंतीला गिऱ्हाइकाचा मोठा आरसा. अय्युब टीव्हीकडे पाठ करून आरशासमोर बसला होता. शेजारी दुसरी खुर्ची.

"ये. पडद्यामागं बस."

बसलो. आरशात साहेब चालत आला. वळला. डाव्या हातानं पिस्तूल काढलं. तोच. तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी चष्मा पुसला.

जाहिराती लागल्या, सगळी अक्षरं उलटी. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तवाच. हरळीवर."

"तेव्हाच?"

"त्याच्या कोटाची बटनं बघ. बायकांच्या बाजूला हायती. मी तवा मामूच्या दुकानात काजं करत हुतो. साहेब झाला म्हनून बायकी कोट घालंल व्हय? म्हनलं, आपुनच उलटीकडनं बघतोय."

मला हसू आवरेना. तोही हसला. साहेब आरशात बाही नीट करत होता.

२८ एप्रिल

डाक देताना थांबलो. एकच विचारायचं राहिलं होतं. तीस वर्षं बोलला का नाही?

अय्युब कापत होता. वर न बघता म्हणाला, "दुसऱ्या दिवशी तू डाव्या हातानं लिवाया लागलास. मास्तरफुडं हात मागं घेतला न्हाईस. मग कशाला बोलू?"