रक्षाचा उलटा उपास

साकोली, ८ ऑगस्ट २०२४

ती. आईस,

दामिनीचा वाकून नमस्कार. फोनवर मी तुला बोलू देत नाही अशी तुझी तक्रार आहे, म्हणून हे पत्र मनिषच्या हाती देते. भाऊ रोज सानगडीहून साकोलीला कामाला येतो, त्याला टपाल केल्याने काही झीज होत नाही.

रक्षाचं वजन वाढतंय. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाला गहू सोसत नाही असं सांगितल्यापासून घरात पोळी बंद आहे. तुझे जावई भाकरी खातात आणि माझ्याकडे पाहून सुस्कारे सोडतात. घर सांभाळलं गं, आता बालवाडीची अडचण आलीय.

पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी बालवाडीच्या मंगलाताई मुलांकडून बैल करून घेताहेत. त्यांचा रंगीत गोळा मैद्याचा, झूल चिकटवायची खळही मैद्याची. आणि आपली रक्षा हातात येईल ते आधी चाखते, हे तुला ठाऊक आहे. ताई घाबरल्या. त्यांनी तिला खिडकीपाशी वेगळं टेबल दिलं आणि स्केचपेनं दिली. घरी येताना रक्षाने मला विचारलं की तिला कांजिण्या झाल्या आहेत का. शेजारच्या मुलाला कांजिण्या झाल्या तेव्हा त्याला असंच वेगळं बसवलं होतं ना. मी आधी हसले, मग घर येईपर्यंत तिला कडेवर घेतलं.

ताई वाईट नाहीत. सगळ्या वर्गाला पुरेल असा बिनगव्हाचा गोळा मी दिला, तर सगळी मुलं एकाच टेबलावर बसतील, असं त्यांनी कबूल केलंय. बाजारात तयार गोळ्यात गहू आहे का असं विचारलं तर दुकानदार म्हणाला की डब्यावर विषारी नाही असं छापलंय, आणखी काय पाहिजे. मोबाइलवर बिनगव्हाचा एक परदेशी डबा दिसतो, पण तो पोळा उलटल्यावर पोचेल. मी तांदळाच्या पिठाचे करून पाहिले. माझे बैल उभे राहत नाहीत, बसतातच.

काहीतरी सुचव. लोभ आहेच, थोडा या कामाकडे वळव.

तुझी
दामिनी


सानगडी, ११ ऑगस्ट

चि. दामिनीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. बैल बसते म्हणून रडून राहिली का तू? धानाच्या मुलखातली पोट्टी अन् तांदळाचं पीठ वळता येत नाही, हे कोणाले सांगू नको.

मनिषसंग गोळा धाडून राहिली. पिवळा हळदीचा, लाल बीटाचा, हिरवा पालकाचा. तांदळाचं पीठ भुरभुर करते, म्हणून बांधाले मूठभर कणिक टाकली. मुठीनं काय होते? आता बैल काय, हत्ती उभा राहीन.

जावयाले म्हणजो, सुस्काऱ्यानं पोट भरत नाही, भाकरीवर ठेचा घ्या.

तब्येत सांभाळजो, रक्षाचा पापा घेजो.

तुही आई
रुखमा


साकोली, १२ ऑगस्ट

ती. आईस,

नमस्कार. तो घाईत केलाय.

डबा आधी उघडला, रक्षाला बैल करायला गोळा दिला, पत्र नंतर वाचलं. मी कणकेच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा रक्षाने लाल बैलाचं शेपूट तोंडात घातलं होतं. मी बोट घालून ते बाहेर काढलं. ती रडली ती शेपूट तुटलं म्हणून. मी कशासाठी रडले ते तू ओळख.

मुठीनं काय होते, असं तू विचारतेस. मग मीही विचारते. तुझ्या एकादशीच्या साबुदाण्यात कोणी मूठभर पोहे टाकले, तर तू खाशील का?

तेव्हापासून रक्षा प्रत्येक गोष्टीला हे चालतं का म्हणून विचारते. पेरूला विचारलं. आत्ताच नळाच्या पाण्यालाही विचारलं.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

दामिनी


सानगडी, २० ऑगस्ट

चि. दामिनीस,

राग गिळून आशीर्वाद देऊन राहिली, म्हणून थोडे कमी पडतील.

तुहं पत्र वाचून मी गाल फुगवून बसली. मनिषले वाटलं, आईची दाढ दुखून राहिली. पण ते पोह्याचं मनात बसलं. नाही खाणार मी. मूठ तं सोड, पोह्याचा झारा लागला तरी नाही खाणार. हे आधी काहून नाही सांगतलं? तू डॉक्टरचं ते लांबलचक नाव सांगत होती. पोट्टीले उपास आहे म्हणाचं होतं! उपास मले जनमभर येते.

आता तिचा उपास मी हाती घेतला. उलटा आहे, पण उपासच. तांदूळ चालते, साबुदाणा चालते, गहू-मैदा-रवा बंद.

श्रावण सोमवाराचं शिंगाड्याचं पीठ दळाच्या आधी टिकाराम चक्की खोलून झाडते. तवाच मी तांदूळ घेऊन उभी राहिली. तांदूळ कोणच्या उपासाले चालते बाई, असं त्यानं इचारलं. सांगतलं तं तुलेही धरा लागीन, असं मी म्हटलं. बिचाऱ्यानं मुकाट्यानं दळलं. पयली ओंजळ त्याच्याच कोंबड्यायले टाकाले लावली, चक्कीत मागचं काही राहिलं असन तं त्यात निघून जाते. मंग चक्कीले तांदूळ लागला म्हणून शिंगाडेवाल्या बाया माह्यावर कुरकुरल्या. त्यायलेही रक्षाचा उपास सांगतला. एकीनं हात जोडले.

पीठ नुसतं मळू नको, उकड काढा लागते. खळीले साबुदाणा शिजवून घोटजो, कागद फाटन पण निघणार नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी ताजा गोळा धाडीन. मंगलाबाईले सांगजो, आधी टेबल धुवा, मंग पोट्ट्यायचे हात.

गोळ्यात आणखी एक जिन्नस टाकीन, ते नाही सांगत. भिऊ नको, उपासाचा आहे.

माया कमी झाली नाही, फक्त तोंड फुगलं होतं.

तुही आई


साकोली, ४ सप्टेंबर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार आणि एक तक्रार. तो जिन्नस गूळ होता, हे सांगायला नको होतं का? आणि वेलची! आणि तूप!

टेबल धुतलं, हात धुतले, खिडकीपाशी कोणी नव्हतं. रक्षा मधोमध बसली होती, दोन्ही बाजूंनी कोपरं लागत होती आणि ती खूश होती. एवढं पाहून मी घरी आले. बक्षीस द्यायला ईश्वर गुरुजी येणार होते. ते नेहमीप्रमाणे उशिरा आले. तोवर वर्गात वेलचीचा वास सुटला होता. कोणा एकाने शिंग चाखलं. मग शेजारच्याने. मग पाय गेले, वशिंडं गेली. मंगलाताईंनी मला फोन करून सांगितलं की सगळा गोठा साफ झाला, लवकर या.

मी धावत गेले. मनात एकच भीती, की कणिक नाही ना, हात नीट धुतले होते ना. दारात पोचले तर सगळ्यांची तोंडं चिकट, आणि आई, ज्या मुलीसाठी एवढं केलं ती एकटी आपला बैल दोन्ही हातांत धरून बसलेली. पूर्ण बैल. शेपटासकट. ताई म्हणाल्या की त्यांनी तिला खा म्हणून सांगितलं, पण ती आई येऊ दे म्हणाली.

वर्गात उभा असलेला एकच बैल, म्हणून गुरुजींनी बक्षीस त्यालाच दिलं. नंदी खाणं बरं का, अशी शंका त्यांनी काढली. पण दिव्याच्या अवसेला आपण दिवे खातोच की, असं तुझ्या आवाजात माझ्याच तोंडून निघालं. मग गुरुजींनीही टेबलावरचं एक सुटं वशिंड उचललं.

रक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि हे चालतं का म्हणून विचारलं. चालतं, असं मी सांगितलं. शिंगंही? शिंगंही. मग तिने एक शिंग मोडलं आणि आधी शेजारच्या पोराला दिलं. आपल्या खाण्यातलं दुसऱ्या कोणाला द्यायची तिची ही पहिलीच वेळ. दुसरं शिंग तिने स्वतः खाल्लं, सगळ्यांच्या मधोमध बसून, फार सावकाश.

बैलाच्या गळ्यातली पिठाची घंटा मात्र मला दिली. चांगली होती. पुढच्या वेळी गूळ थोडा कमी टाक, आणि माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी
दामिनी

ता. क. ताईंनी खिडकीपाशचं टेबल उचलून आत नेलंय. त्यावर आता साबुदाण्याच्या खळीचं पातेलं असतं.