पंख नसलेला दूत

अकोला, ९ डिसेंबर

सौ. सीमास,

तीन मेंढपाळ, दोन गाई, एक गाढव आणि एक देवदूत. सगळं सागवानात, माझ्या हातचं. तब्येत बरी आहे. खोकल्याचं मनावर घेऊ नको.

हे चर्चच्या नाताळच्या देखाव्याचं काम तुझ्या भावानं, धर्मेंद्रनं, मिळवून दिलं, ते तो रोज ऐकवतो. काल चर्चच्या सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, दूताले पंख कुठं आहेत?"

मी त्यांचं बायबल दोनदा वाचलं आहे. अब्राहामाच्या दारी दूत आले ते साध्या माणसांसारखे. त्यानं पाय धुवायले पाणी दिलं, जेवू घातलं. पंख दिसले असते तर पाय धुवायले पाणी दिलं असतं का? म्हणून मी धुळीचे पाय कोरले.

साहेब म्हणाले, "खरं आहे, पण लेकरं ओळखतील कसं?"

धर्मेंद्र सगळ्यांदेखत हसला. "भाऊजी, हा तर संत्री भरायले आलेला हमाल दिसून राहिला."

तसाच दिसला पाहिजे. त्याले सांग, माझ्या कामात तोंड घालू नको.

आपल्या लेकीच्या, खुशीच्या, फीचं कॉलेजवाले काही म्हणाले का? धर्मेंद्रकडून पैसे घेशील तर मले चालणार नाही.

सगळ्यांनी जपून राहा.

जानराव

ता. क. पंख बसवले तर साहेब वरून अठरा हजार देत होते, खुशीच्या फीएवढेच. मी नाही म्हटलं.