डिग्रीवाला पायलट

१ जानेवारी १९५७, मंगळवार. पहाटे ५
(प्रत्यक्षात साडेनऊ. पण जाग पाचला आली होती, तीच धरली.)
संकल्प. यंदा पायलटच्या शिक्षणाला लागायचं. नुसता पायलट नव्हे, डिग्रीवाला. लायसन काय, ट्रकवाल्याकडेही असतं. ३१ जानेवारीच्या आत कॉलेज नक्की करणं. जूनमध्ये अॅडमिशन. १९६० साली हवेत. तेव्हा वय सव्वीस. योग्य वय.
रोज दोन तास गणित. उद्यापासून. आज वर्षाचा पहिला दिवस आहे.

३ जानेवारी
घरी जाहीर केलं. बाबा मिठागरातून येऊन पाय धूत होते. त्यांनी एवढंच विचारलं, किती वर्सं लागतील? तीन, म्हटलं. म्हणाले, मंग तीन वर्सं मी रेटतू. आईला काळजी, वर जेवायला काय मिळतं. वेणूने, म्हणजे धाकट्या बहिणीने, नेहमीप्रमाणे नाट लावला. दादा, तुझी इंटर व्हायची आहे ना अजून?
इंटर सायन्सला दोनदा बसलो, दोन्हीदा गणितात गेलो. तो माझा दोष नाही. परीक्षकाला स्टेप्स लागतात, मला उत्तर एकदम दिसतं. पायलटला तेच लागतं.
गणित झालं नाही. घरात चर्चा होती.

९ जानेवारी
सहा ठिकाणी पत्रं टाकली. बाजारात भगवान टायपिस्टकडून टाइप करून घेतली. तो म्हणाला, सहा कशाला, एकच कुठलं तरी ठरव की. या माणसाने पनवेलबाहेर काही पाहिलेलं नाही.

३१ जानेवारी, गुरुवार
उत्तरं आली. सहाच्या सहा. त्यामुळेच निर्णय होत नाही.
भिंतीवर मोठा तक्ता लावला. रकाने: कॉलेज, डिग्री, अंतर, युनिफॉर्म, माहितीपत्रकात विमानांचे फोटो किती. मुंबईच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल लिहितात, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. करा, मग उड्डाणाकडे वळा. डिग्री आहे, पण फोटोत एकही विमान नाही. बंगलोरला विमानाचं इंजिनिअरिंग. म्हणजे विमान बनवायचं, चालवायचं दुसऱ्याने. जुहूच्या फ्लाइंग क्लबमध्ये विमान प्रत्यक्ष हातात देतात, पण डिग्री नाही. अलाहाबादचं सरकारी सेंटर लांब. शिवाय बहुतेकांचं एकच पालुपद, इंटर सायन्स पास हवं.
मुदत २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवली. घाईत घेतलेला निर्णय हवेत घातक ठरतो.

१७ फेब्रुवारी, रविवार
जगन आला. मोरा बंदरातला कोळी, शाळेत माझ्या बाकावर असायचा. सांगत होता, जुहूला हँगरमध्ये हेल्पर घेतायत. दोन जागा हायत, आपून दोगं जाऊ. आदी विमानं पुसू, मंग इंजिन शिकू, मंग बगू. पुसू! त्याला प्रेमाने समजावलं की मी डिग्रीच्या लाइनला आहे. तक्ता दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला, आणि यातलं तू काय करनार, असं विचारलं. म्हटलं, तेच तर ठरवतोय.
गेला बिचारा एकटाच.

१४ मार्च
मामलेदार कचेरीत कारकुनाची जागा आहे म्हणे. आमच्या जुन्या हेडमास्तरांनी निरोप धाडला, आजच्या आज अर्ज कर, मी शब्द टाकतो. विचार केला. सरकारी नोकरीत अडकलो तर जूनमध्ये राजीनामा द्यावा लागेल आणि कचेरीची अडचण होईल. अर्ज केला नाही. हेडमास्तरांना भेटायचं टाळतोय, ते उगीच वाईट वाटून घेतील.

७ एप्रिल, रविवार
उंचीचा सराव म्हणून कर्नाळ्याला गेलो. वेणू हट्टाने बरोबर. ती गडावर जाऊन तटाच्या कडेला बसून पेरू खात होती. मी पायऱ्यांच्या पहिल्या वळणावर थांबलो. गरगरलं. सकाळी भाकरीबरोबर सुका बोंबील खाल्ला होता, त्याचं पित्त. झाडाला धरून होतो असं वेणू घरी सांगते. ते मी झाडाचं निरीक्षण करत होतो.
निष्कर्ष: विमान चारही बाजूंनी बंद असतं. गडाचा आणि त्याचा संबंध नाही.

११ जून, मंगळवार
रिझल्ट. गणित. पुन्हा.
पेपरच्या दिवशी पेन गळत होतं. शिवाय तयारीचे सगळे दिवस कॉलेज निवडण्यात गेले, तेही शिक्षणच. आई म्हणाली, काय झालं तं झालं, जेवून घे. बाबा पानावर बसले आणि मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

२४ जून
वेणूने माहितीपत्रकं वाचून काढली. कोणी सांगितलं होतं? म्हणते, पाच ठिकाणची तारीख गेली, एकाची आज संपते, आणि सगळ्यांच्या बारीक अक्षरात इंटर पास लिहिलंय. मी म्हटलं, बारीक अक्षर नियमाचा भाग नसतं.
तरी देवाला काळजी. आजच्याच टपालाने सातवं उत्तर आलं. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. गरुड एरियल इन्स्टिट्यूट, मद्रास. बॅचलर ऑफ एरियल सायन्स, घरबसल्या, टपालाने, वीस धड्यांत. इंटरची अट नाही. मुखपृष्ठावर विमानं चार! डिग्री आहे, अंतर शून्य, अट नाही. तक्त्यात पहिल्यांदा सगळे रकाने भरले.
वेणूने विचारलं, विमान पण पोस्टानं येणार का?
नाव नोंदवलं.

१९ जुलै
धडा तिसरा. खुर्चीत ताठ बसून दोन्ही पायांमध्ये काठी धरणे. काठी पुढे म्हणजे विमान खाली, मागे म्हणजे वर. छत्री वापरली. अर्धा तास उडालो. शेजारच्या हौसामावशी दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. आईला म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा.
एस्टी स्टँडवर आता सगळे मला पायलट म्हणतात. कंडक्टरसुद्धा. हाक मारून हसतात. आपल्या भागातल्या लोकांना कौतुक करायची सवय नाही, म्हणून हसू येतं.

११ ऑगस्ट, रविवार
काल नारळी पौर्णिमा. उधाणाचं पाणी चढलं आणि मिठागराचा बांध दोन ठिकाणी फुटला. बाबा पहाटेच गेले. चलतूस का, असं दारातून विचारलं होतं. मी धडा सातवा, वाऱ्याचा वेग, याचा पेपर आज टपालात टाकायचा म्हणून थांबलो. त्यांच्याबरोबर आई आणि वेणू गेल्या. दुपारी तिघं आली, कंबरेपर्यंत चिखल. बाबांचा गुडघा सुजलाय. फुटलेल्या बांधात दगड टाकताना घसरले.
पेपरात वाऱ्याच्या प्रश्नाला मी कालच्या वाऱ्याचं उदाहरण दिलं. प्रत्यक्ष अनुभव असला की उत्तर उठून दिसतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
लिहू की नको.
मिठागर आमच्या मालकीचं नाही, खंडाने कसतो. मालकाला दसऱ्यापर्यंत सांगावं लागतं, पुढचा हंगाम करणार की नाही. बाबांनी सोडलं. वीस वर्षं करत होते. काशीरामाने घेतलं, आमच्याच आळीतला.
सोनं द्यायला काशीराम आला तेव्हा कळलं. मी बाबांना विचारलं, मला न विचारता? ते गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "तुलाच तं विचारलं होतं वर्साच्या पयल्या हप्त्यात. तू सांगितलंस, तीन वर्सांत वर जानार. माझा गुडगा दुसरा पावसाला काडनार नाय. तू नसलास तं बांद कोन बांदल? मंग म्हटलं, देऊन टाकू."
माझ्यावर एवढा विश्वास या घरात कोणी टाकला नव्हता. आनंद वाटायला हवा. दसऱ्याचं जेवण जड झालं असावं.

१८ नोव्हेंबर
डिग्री आली! जाड कागद, सोनेरी गरुड. नाव मात्र कमळाकरऐवजी ‘कु. कमला कर’ असं पडलंय. बंगाली मुलगी वाटते. मद्रासला दुरुस्तीसाठी पत्र टाकलं.

२७ नोव्हेंबर
पत्र परत. पत्त्यावर कोणी राहत नाही. ऑफिस मोठ्या जागेत हलवलं असणार.

५ डिसेंबर, गुरुवार
डिग्री घेऊन जुहूला. मोऱ्यावरून लाँचने. समुद्र खवळलेला होता (बाकीच्या उतारूंना तो शांत वाटला). क्लबचे सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. डिग्री उजेडाकडे धरून पाहिली, चहा मागवला. इंग्रजीत विचारलं, इंटर पास आहात का, मेडिकल झालं का, आणि या कुमारी कमला आपल्या कोण? मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही कधी विमानात बसलायत का? म्हटलं, सिद्धान्त पूर्ण झालाय.
हँगरमध्ये जगन भेटला. निळा डगला, हात कोपरापर्यंत काळे. आता इंजिन उघडायला देतात त्याला. मला वाटलं, तो हसेल. हसला नाही. म्हणाला, रविवारी इन्स्ट्रक्टर टेस्टला वर जानार, एक सीट रिकामी असते, मी बोलतू. तू एकदा वर जा, कमळाकर. जाऊन ये.
मी रविवारपर्यंत त्याच्याच खोलीवर राहतोय, घरी तसं कार्ड टाकलं.

८ डिसेंबर, रविवार
गेलो. बारा मिनिटं.
हवा खराब होती. इंजिनाचा आवाज अपेक्षेपेक्षा जास्त. आत डिझाइनच्या चुका बऱ्याच. डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे महत्त्वाच्या वेळी ते मिटून घ्यावे लागले.
खाली आल्यावर इन्स्ट्रक्टर जगनच्या कानात काही बोलले. जगनने मला पाणी दिलं. म्हणाला, "त्यांचा कोट सोड आता."
मी कोट धरला होता हे मला माहीत नव्हतं.
बारा मिनिटांत मी काय काय पाहिलं, ते लिहायचं होतं. काही पाहिलं नाही. चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत डोळे उघडलेच नाहीत. डोळ्यांत काही गेलं नव्हतं.

९ डिसेंबर
घरी आलो. आळीतली माणसं जमली होती. सांगितलं. खाडी कशी दिसते, मिठागरं कशी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकतात, कर्नाळ्याचा सुळका कसा अंगठ्याएवढा. विमान जुहूच्या समुद्रावरच फिरून आलं, पनवेलकडे वळलंसुद्धा नाही, हे सांगायचं राहिलं.
सगळे गेल्यावर आई जवळ आली. रविवारी सकाळपासून ती बांधावर उभी होती म्हणे. विमान दिसलं की हात हलवायची. तीन विमानं गेली. "मना देखलंस का रं तू?"
म्हटलं, देखलं ना. लाल लुगडं नेसली होतीस. हात हलवत होतीस.
वेणूने माझ्याकडे पाहिलं. मागच्या दारी दोरीवर आईचं कालचं लुगडं वाळत होतं. हिरवं.
आईने पण दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हां, लालच नेसली होती." आणि चुलीकडे गेली.

१२ डिसेंबर, गुरुवार
तक्ता काढला. भिंतीला चार खिळ्यांची भोकं राहिली.
मामलेदार कचेरीत गेलो होतो. जागा मार्चमध्येच भरली. हेडमास्तर रस्त्यात भेटले, बरं आहे ना, म्हणाले आणि थांबले नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार
काशीरामाच्या मिठागरावर कामाला लागलो. आठजण आहोत. बाबाही आहेत, मला सांगितलं नव्हतं, ते दिवाळीपासून जातात. त्यांना बसून करायचं काम दिलंय.
मला पाहून ते थोड्या वेळाने उठले, लंगडत आले, आणि फावडं कसं धरायचं ते दाखवलं. मी उलटं धरलं होतं.